मदत हवी आहे: कृषी खात्यात १२० तासांची इंटर्नशिप, अर्ज कुणाच्या नावे?

वाळपईकर
नमस्कार. बीए अर्थशास्त्र, दुसरं वर्ष संपत आलंय. मेच्या सुटीत ४ क्रेडिटची इंटर्नशिप पूर्ण करायची आहे. गोव्याच्या कृषी खात्यात, शक्यतो वाळपईलाच. विषय काजूचा भाव. अर्ज वाळपईला द्यावा की पणजीला? तास कसे मोजतात? आणि काम करूनही क्रेडिट अडू नये म्हणून आधीच काय करून ठेवावं?

आवक_जावक
अर्ज कृषी संचालकांच्या नावे, टोंक-करंजाळेच्या कृषी भवनात. पण त्याआधी वाळपईच्या विभागीय कृषी अधिकाऱ्यांना भेटा. ते तयार असतील तर अर्जातच लिहा, ‘विभागीय कृषी कार्यालय, वाळपई येथे रुजू करून घ्यावे’. नाहीतर नेमणूक कुठेही होऊ शकते.

पत्र तुमचं नको, प्राचार्यांचं हवं, कॉलेजच्या लेटरहेडवर आणि इंग्रजीत, कारण फाईल इंग्रजीत फिरते. त्यात नाव, वर्ग, क्रेडिट, एकूण तास, कधीपासून कधीपर्यंत, कॉलेजच्या मार्गदर्शकांचं नाव आणि फोन. ‘मानधनाची अपेक्षा नाही’ हे वाक्य विसरू नका. ते नसेल तर पैशाचा प्रश्न निघतो आणि कागद हिशेब विभागाकडे जाऊन बसतो.

दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. आठवड्याने चौकशी करताना हा क्रमांकच सांगा, नाव सांगून फाईल सापडत नाही. मार्चअखेर बिलांची धांदल असते, तेव्हा कागद देऊ नका. एप्रिलचा पहिला आठवडा बरा.

पाटीपेन्सिल
तासांचं सांगतो, क्रेडिट अडतं ते इथेच.

यूजीसीच्या हिशेबाने इंटर्नशिपचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणून ४ क्रेडिटना १२० तास. दिवसाला ६ तास धरले तर २० दिवस. सरकारी आठवडा पाच दिवसांचा, म्हणजे नेमके चार आठवडे. मध्ये एक सुटी आली की हिशेब कोलमडतो, म्हणून परवानगी पाच आठवड्यांची मागा. जेवणाची वेळ आणि बसचा प्रवास धरायचा नाही.

हजेरीचा तक्ता स्वतः आखून न्या: तारीख, आलो, गेलो, निव्वळ तास, केलेलं काम एका ओळीत, अधिकाऱ्यांची सही. सही दर शुक्रवारी घ्या. शेवटच्या दिवशी २० सह्या एका शाईत दिसल्या की परीक्षक शंका घेतात, आणि ती शंका रास्त असते.

प्रमाणपत्रात नेहमीची चूक एकच. ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले’ असं लिहिलेलं असतं. तारखा असतात, तास नसतात. कॉलेज त्यावर क्रेडिट चढवू शकत नाही. मसुदा तुम्हीच टाईप करून द्या: ‘एकूण १२० तास’, कामाचं स्वरूप, अधिकाऱ्यांचं पद, जावक क्रमांक, गोल शिक्का.

क्रेडिट शेवटी अपार क्रमांकावर, म्हणजे विद्यार्थ्याच्या शैक्षणिक ओळख क्रमांकावर जमा होतं. आधारवरचं नाव आणि कॉलेजातलं नाव तंतोतंत जुळायला हवं. आपल्याकडे नाईक, गावकर ही आडनावं इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. आजच तपासा.

खाजनबांध
विषय मात्र बदलावा असं मला मनापासून वाटतं. मे सरता सरता काजूचा हंगाम आटोपतो. तुम्ही स्थिरस्थावर होईपर्यंत विचारायला बागेत कुणी नसेल. शिवाय नुसता भाव म्हणजे आकडे उतरवून काढणं.

त्यापेक्षा आधारभूत भावाच्या योजनेचे अर्ज कशामुळे परत जातात ते पाहा. एक-चौदाच्या (जमिनीच्या) उताऱ्यावर कसणाऱ्याचं नाव नसणं, एकाच उताऱ्यावर सात-आठ वारस, बँक खात्यात आणि कृषी कार्डावर वेगळं नाव. आपल्या सत्तरी तालुक्यात तर मोकासे, आल्वारा या जुन्या सनदी जमिनींचा आणि वनजमिनीचा गुंता पिढ्यांचा आहे. काजू ज्याने राखला, जमीन त्याच्या नावावर असेलच असं नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून चांगला प्रश्न घराजवळ मिळणार नाही, आणि खात्यालाही तुमची यादी उपयोगी पडेल.

तासांची वाटणी अशी करता येईल: योजना आणि नमुने वाचायला २०, अर्जांची कारणवार वर्गवारी ५०, कृषी साहाय्यकांबरोबर वाडीवर ३०, अहवाल २०. अहवालात शेतकऱ्याचं नाव, सर्व्हे नंबर, फोन घालू नका. गाव आणि कारण पुरे. कुठली आकडेवारी छापता येईल ते अधिकाऱ्यांकडून आधीच लेखी घ्या. एरवी अहवाल तयार होतो आणि खातं तो कॉलेजला द्यायला हरकत घेतं.

आवक_जावक
सहमत. हंगामाचं गणित सगळीकडेच लागतं. मत्स्योद्योग खात्यात जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर ट्रॉलर नांगरलेले दिसतील, मासळीची नोंद मिळणार नाही. आणि विधानसभा चालू असताना कुठल्याही संचालनालयात मार्गदर्शन मागू नका, सगळे प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात गुंतलेले असतात.

वाळपईकर
फार मोलाचं सांगितलंत, देव बरें करूं. विषय बदलतो. एकच शंका: शेतकरी रविवारीच घरी भेटतात. ते तास धरतील का?

पाटीपेन्सिल
कृषी साहाय्यक बरोबर असतील आणि तक्त्यावर त्या दिवसाची सही असेल तर धरतील. एकटे गेलात तर नाही. प्राचार्यांच्या पत्रात ‘गरजेनुसार सुटीच्या दिवशी क्षेत्रभेट’ हे शब्द घालून घ्या, म्हणजे कॉलेजात कुणी ते तास खोडणार नाही.