घरच्या रेकॉर्डिंगच्या मिक्सवर मत कुणाचं घ्यायचं?

कृष्णाकाठ (सांगली)

सांगली-मिरजेकडं आता घरोघरी रेकॉर्डिंग होतंय. दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि लॅपटॉप, एवढ्यावर अभंग-भावगीतं तयार होतात. मग एमपीथ्री भजनी मंडळाच्या ग्रुपवर पडते, खाली 'कसं वाटलं सांगा', आणि अंगठ्यांची रांग लागते. याला मिक्सवरचं, म्हणजे गाणं आणि साथीचे आवाज एकमेकांत कसे बसवलेत त्यावरचं, मत म्हणत नाहीत. मिक्स जाणकारालाच ऐकवावा, आणि तोही तयारी करून.

फाइल २४ बिट वेव्ह (एमपीथ्रीसारखी न दाबलेली) असावी, ज्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले) रेकॉर्ड केलं त्याच रेटला. मास्टरवरचा, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आवाजावरचा, लिमिटर (मोठा आवाज हद्दीत दाबून ठेवणारं साधन) काढावा, सर्वांत मोठा आवाज, म्हणजे पीक, -६ डीबीच्या आसपास ठेवावा (० ही फाटण्याची हद्द). व्हॉट्सॲपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून. सोबत चार ओळी लिहाव्यात: माइक तोंडापासून किती लांब होता, मिक्स हेडफोनवर केला की स्पीकरवर, खोली केवढी. खोलीचं माप फार महत्त्वाचं. १० बाय १० फुटांच्या खोलीत भिंतींच्या दोन्ही जोड्या साधारण ५६ हर्ट्झलाच घुमतात, आणि डग्ग्याच्या घुमाऱ्याचा खालचा भाग तिथंच असतो. मधोमध बसून मिक्स केला तर तो पट्टा कानावर जवळपास येतच नाही, म्हणून माणूस डग्गा वाढवत सुटतो. भिंतीला टेकून बसला की उलटं होतं. जाणकाराला माप कळलं, तर डग्गा जास्त का झालाय हे तो लगेच ओळखतो.

अजिंक्यतारा (सातारा)

तयारीचं पटलं. पण जाणकारालाच का? गाणं वाजणार उसाच्या ट्रॅक्टरवरच्या स्पीकरच्या डब्यात, एसटीत कुणाच्या तरी मोबाइलवर, देवळाच्या कर्ण्यावर. मोबाइलचा छोटा स्पीकर २००-३०० हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही. चांगला हेडफोन लावून बसलेला माणूस 'खालचा आवाज मस्त भरलाय' म्हणतो, आणि घरातली मावशी मोबाइलवर ऐकून विचारते, "तबला एकाच हातानं वाजवलाय का?" बरोबर आहे तिचं. डग्गा तिथं पोचलेलाच नाही. डग्ग्यावर थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित खरखरीत करणारा इफेक्ट) दिलं की २०० ते ४०० हर्ट्झमध्ये त्याचे वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले स्वर, तयार होतात आणि कान मूळ स्वर आपणच भरून घेतो. नुसती ५० हर्ट्झची पट्टी वर ढकलून मोबाइलवर काहीच फरक पडत नाही.

साध्या श्रोत्याला 'कसं वाटलं' विचारूच नका. पाच जणांना गाणं एकदाच ऐकवा आणि दुसऱ्या कडव्याचे शब्द लिहून द्यायला सांगा. तिघांचा एकच शब्द चुकला तर आवाज तिथंच बुडालाय. पेटी त्या ओळीपुरती २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये २-३ डीबी कमी करा, नाहीतर तेवढा शब्द ऑटोमेशननं (ठरावीक जागी आवाज आपोआप वर-खाली करून) दीड डीबी उचला.

कृष्णाकाठ (सांगली)

शब्द चुकला हे कळलं, पण का चुकला? पेटीनं झाकला असेल. आधीच्या ओळीचा रिव्हर्ब (घुमणारा प्रतिध्वनी) त्यावर सांडला असेल. डी-एसर (सिसकारा कमी करणारा इफेक्ट) जास्त लागून 'स', 'श' बोबडे झाले असतील. किंवा गाणाऱ्यानंच गिळला असेल. प्रत्येकाचा इलाज वेगळा. रिव्हर्ब असेल तर लांबी कमी करायची आणि प्री-डिले (रिव्हर्ब उशिरा सुरू करणं) २० ते ४० मिलिसेकंद ठेवायचा, म्हणजे व्यंजन आधी कोरडं निघतं. अशा वेळी पेटी कापली तर पेटीही जाते आणि शब्दही येत नाही.

दुसरं, दोन मिक्समधला कुठला बरा असं विचारलं की माणूस मोठा वाजणारा निवडतो. एखाद्या डीबीचा फरक पुरतो, आणि त्याला तो मोठा नव्हे, 'उजळ' वाटतो. दोन्ही फाइली एलयूएफएस (कानाला आवाज सरासरी किती मोठा वाटतो त्याचं माप) मोजून सारख्या केल्याशिवाय कुणालाच ऐकवू नयेत. पीक मीटर बघून जुळवलं तर फसाल: दोन फाइलींचा पीक सारखा असूनही एक चांगलीच मोठी वाजू शकते.

वारणाकाठ (शिराळा)

-६ डीबीचा मंत्र सोडा की राव. २४ बिट फाइलीत -१ ला पीक असला काय आणि -१० ला असला काय, ऐकणाऱ्याचं काही बिघडत नाही. आवाज फाटू नये, एवढीच अट. लिमिटर सरसकट काढणंही चूक आहे. पहिल्यापासून मास्टरवर लिमिटर किंवा कंप्रेसर (मोठा आवाज हळुवार दाबणारा) ठेवून मिक्स केला असेल तर तो मिक्सचाच भाग आहे, काढला की सगळा तोल ढळतो. दोन फाइली द्या, एक लिमिटरसह, एक त्याच्याशिवाय.

आणि युट्यूबसाठी -८ एलयूएफएसपर्यंत दाबण्यात काय मिळतं? तिथं साधारण -१४ च्या वरचं गाणं खाली आणलं जातं. आवाज कमी होतोच, तबल्याच्या चाटीवरचा (कडेचा) 'ना' मात्र बोथट झालेला तसाच राहतो.

अजिंक्यतारा (सातारा)

हे मान्य. आता मोनोचं (डावं-उजवं एकत्र करून एकच आवाज) बोला, कारण जाणकारांकडून हे हमखास सुटतं. तंबोरा दोन्ही बाजूंना पसरवायला स्टिरिओ वायडनर लावतात. हेडफोनवर सुंदर वाटतं. ट्रॅक्टरचा डबा किंवा कर्णा डावं-उजवं एकत्र करतो, दोन्हींत फेज उलटी, म्हणजे एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली, असली की तंबोरा विरघळून जातो. मास्टरवर मोनोचं बटण दाबून अर्धं कडवं ऐकलं की पुरे.

जाणकारांच्या आवडीनिवडीही सांभाळाव्या लागतात. एक म्हणतो गाणं पुढं काढा, दुसरा म्हणतो साथीत बसवा. दोघांचं ऐकून नवखा माणूस फेडर वर-खाली करत महिना घालवतो. त्याच बाजाचं एक प्रसिद्ध झालेलं रेकॉर्डिंग आवाज जुळवून शेजारी ठेवलं, तर निम्मे वाद तिथंच मिटतात.

तंबोऱ्याची जवारी (मिरज)

दोघंही मिक्सवर भांडताय, पण बऱ्याच तक्रारी मिक्सच्या नसतातच.

अभंगात टाळ गाणाऱ्याच्या माइकमध्ये शिरला की संपलं. टाळाची झळाळी आणि 'स', 'च' ची धार एकाच पट्ट्यात, ५ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास. तिथं कापलं तर शब्द जातो, नाही कापलं तर टाळ टोचतो. टाळ वेगळ्या ट्रॅकवर, नंतर वाजवून घ्यावा.

याहून मोठं दुखणं सुरांचं. 'काळी एक'चा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा १३८.६ हर्ट्झ धरा. तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार साच्या पाचपट, म्हणजे ६९३. आजच्या बहुतेक पेट्या समान अंतराच्या स्वरांत लावलेल्या असतात, त्यांत तो गांधार येतो ६९८.५ ला. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला पाच-सहा लाटा उठतात, आवाज थरथरतो. श्रोता म्हणतो 'कर्कश वाटतंय'. जाणकार ७०० ला इक्वलायझर कापतो, गाणं पोकळ होतं आणि लाटा राहतातच. पेटी गांधार स्वरभरणीची (तंबोऱ्यातल्या गांधाराला जुळवून लावलेली) घ्या, किंवा शुद्ध गांधारावर पेटी गप्प राहू द्या, तंबोरा मागे ठेवा. शिवाय जुन्या पेटीचा सा ४४० हर्ट्झच्या प्रचलित मापाच्या हिशेबात असेलच असं नाही, म्हणून रेकॉर्डिंगआधी तंबोऱ्याचं ॲप सेंटमध्ये (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) पेटीला जुळवून घ्यायचं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवारी (तारेला झंकार देणारी घोडीची घडण) लावणारे हात इतके जवळ असताना आपल्या भागातल्या रेकॉर्डिंगमध्ये ॲपचा सा आणि पेटीचा सा वेगळे ऐकू यावेत, याचं वाईट वाटतं.

कृष्णाकाठ (सांगली)

हेच मी म्हणतोय. हे जाणकाराशिवाय कोण पकडणार?

अजिंक्यतारा (सातारा)

कुणीही. गांधाराची ओळ तेवढी कापून तीन फाइली करा: सगळं वाजतंय ती, तंबोरा बंद केलेली आणि पेटी बंद केलेली. तिन्हींत गाण्याचा आवाज सारखाच ठेवा, नावं न सांगता ऐकवा आणि 'टोचतं कुठल्यात' एवढंच विचारा. पहिलीत टोचलं आणि बाकी दोन्हींत थांबलं, तर भांडण पेटी-तंबोऱ्याचं. तिन्हींत टोचलं, तर गाणाऱ्याचा माइक बघा.