ज्योतीच्या शेतात मधेच उंच रोपं, असं का?

पेडण्याचो शेतकार:
नमस्कार मंडळी, यंदा सरदाला (पावसाळी हंगामाला) ज्योती जातीचं भात लावलंय, बियाणं गेल्या वर्षीचं घरचंच. सगळं भात कमरेपर्यंत आणि मधे मधे बारा रोपं छातीला लागतायत. बाजूच्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट शेतात) काकांचं कोरगुट, म्हणजे गावठी उंच भात, असतं, ते म्हणतात त्याचंच वारं लागलं. मला वाटतं युरिया जास्त झाला. खरं काय?

तरवा:
युरियाने आख्खा पट्टा वाढला असता, एकेकटं रोप नाही. ज्योती आयआर-8 या बुटक्या भाताच्या पोटची, आणि आयआर-8 मध्ये (1966 ची ती) तैवानच्या डी-जिओ-वू-जेन जातीचा एसडी-1 जीन आलाय. उंच भातात हा जीन जिबरेलिन (रोप उंच वाढवणारं संप्रेरक) बनवायला लागणारं एन्झाइम देतो, बुटक्यात त्याचा एक तुकडाच उडालेला, मग जिबरेलिन कमी आणि काडी आखूड, म्हणून खत घातलं तरी सहसा लोळत नाही. पण हा बुटकेपणा अप्रभावी, म्हणजे ज्योतीच्या फुलावर कोरगुटाचा पराग पडला तर त्या दाण्याचं रोप उंचच येणार. काका अगदीच चुकीचे नाहीत. फक्त भात बहुतेक स्वतःच्याच परागाने धरतं, त्यामुळे बारा म्हणजे जरा जास्तच वाटतात. मळणी कुठे केली होती?

मेरेवरचा:
आधी एक उपटून बघा. फिकट, किडकिडीत असेल आणि खालच्या पेऱ्यांना मुळं फुटली असतील तर तो बाकानाए हा बुरशीचा रोग. ती बुरशी स्वतःच जिबरेलिन सोडते, जिबरेलिनचा शोधच तिच्यावरून लागला.

खाजनवाला:
बुटकं ते चांगलं असंच सगळे धरून चालतात राव. आमच्याकडे मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) खारं पाणी आत आलं की बुटकं भात बुडतं, कोरगुट मान वर काढून उभं राहतं. लोळतं ते खरंय, पेंढाही ढीगभर, पण गुरांना तोच लागतो.

पेडण्याचो शेतकार:
चार उपटली, त्यांना पेऱ्यावर मुळं, पिवळट पडलेली. बाकी आठ ठणठणीत, ती राहू दिलीत. आणि हो, गेल्या वर्षी मळणीचं मशीन आधी काकांच्या कोरगुटाला लावलं होतं, मग लगेच आमच्याकडे 😅

तरवा:
मग आठ बहुतेक मशीनमध्ये राहिलेल्या कोरगुटाच्या दाण्यांतूनच आली. तरी त्यांच्या लोंब्या वेगळ्या कापून ठेवा, पुढच्या वर्षी प्रत्येकीचे दाणे वेगळ्या ओळीत टाका. ओळीत सगळी उंच आली तर कोरगुट, चारात साधारण एक बुटकं निघालं तर संकर. तोपर्यंत काकांशी वाद घालू नका.