त्रासदायक आठवण ठरवून विसरता येते का?

काजवा_२७

दोन उलट गोष्टी वाचनात येतात. एक म्हणजे आठवण जितकी दाबाल तितकी ती उसळी मारते (पांढऱ्या अस्वलाचा तो प्रसिद्ध प्रयोग). दुसरी म्हणजे दाबल्यामुळे आठवण खरोखरच फिकी पडते, आणि हेही प्रयोगातूनच दिसलंय म्हणे. मग धरायचं काय? शिवाय आपल्याकडे सर्रास दिला जाणारा सल्ला, 'कागदावर लिही आणि जाळून टाक', याला काही आधार आहे का? आणि ते आठवणी पुसणारं औषध? 'काळ हेच औषध' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. नेमकं काय करतात आणि कुठे फसतं ते जाणकारांनी सांगावं.

संज्ञा_म

दोन्ही खरं आहे. दोन प्रयोगांत लोकांना करायला सांगितलेलं कामच वेगळं होतं.

अस्वलाचा प्रयोग मानसशास्त्रज्ञ वेग्नरचा, १९८७ चा. पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. आता घंटी वाजवायची तर 'आलं का, आलं का' हे बघत राहणं भाग पडतं. पहारेकऱ्याच्या हातात चोराचा फोटो दिल्यावर तो दिवसभर फोटोच बघणार. नंतर 'आता खुशाल विचार करा' म्हटल्यावर या लोकांच्या डोक्यात अस्वल जास्तच आलं. त्याच शोधनिबंधातला दुसरा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. अस्वल आलं की लाल फोक्सवागन डोळ्यांसमोर आणा, असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ही उसळी बरीच कमी झाली.

अँडरसन आणि ग्रीन यांचा प्रयोग २००१ चा. 'अग्निपरीक्षा–झुरळ' अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांच्या जोड्या पाठ करून घेतल्या. मग पडद्यावर फक्त पहिला शब्द. काही शब्दांपुढे जोडीदार आठवायचा. काहींपुढे मात्र नजर त्या शब्दावरच रोखून जोडीदाराला मनात शिरूच द्यायचं नाही. नजर चुकवायची परवानगी नाही. हे एकदा, आठदा, सोळादा. शेवटी सगळ्या शब्दांची परीक्षा घेतली तेव्हा सोळादा अडवलेले शब्द हे मधल्या काळात ज्यांना हातही लावला नव्हता अशा शब्दांपेक्षा कमी आठवले. बरोबर उत्तराला पैसे देऊ केले तरी. 'कीटक – झु...' अशी वेगळीच खूण दाखवली तरीही. म्हणजे 'अग्निपरीक्षा'कडून येणारी वाटच तेवढी बुजली असं म्हणता येत नाही, झुरळ स्वतःच थोडं दबलं होतं.

'थोडं' या शब्दावर जोर द्या. परिणाम लहान आहे. २००६ साली ब्यूलेविच आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग करून पाहिला तेव्हा त्यांना तो मिळालाच नाही.

तिरकस

झुरळ विसरणं आणि अपघात विसरणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे हो. पाठ केलेल्या शब्दावरून थेट माणसाच्या दुःखावर उडी मारू नये.

संज्ञा_म

@तिरकस, आक्षेप रास्त आहे. म्हणून पुढचे दोन अभ्यास महत्त्वाचे.

पॅरिसमध्ये नोव्हेंबर २०१५ चे हल्ले झाले. त्यातून वाचलेल्या शंभरावर लोकांचा मेंदू असंच अडवण्याचं काम करताना कसा वागतो, हे स्कॅनरमध्ये तपासलं गेलं. निबंध २०२० मध्ये आला. हल्ल्याचे फोटो दाखवले नव्हते, साधे शब्द आणि साध्या वस्तूंची चित्रं होती. ज्यांना पीटीएसडी (भीषण घटनेनंतर जडणारा, ती घटना पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणणारा मानसिक आजार) झाला नव्हता त्यांच्यात नको असलेली प्रतिमा डोकावली की मेंदूच्या पुढच्या भागाकडून स्मृतीच्या भागांना लगाम बसत होता. पीटीएसडी असलेल्यांत तो लगाम नीट बसत नव्हता. लगाम आधीच ढिला होता की हल्ल्यानंतर झाला, हे यावरून ठरत नाही.

२०२३ मध्ये ममत आणि अँडरसन यांनी १६ देशांतल्या १२० जणांना ऑनलाइन तीन दिवस हाच सराव दिला. प्रत्येकाने आपापल्या काळज्या लिहायच्या, प्रत्येक काळजीला एका शब्दाची खूण द्यायची, आणि ती खूण समोर ठेवून साधारण निम्म्यांनी काळजीला (बाकीच्यांनी साध्यासुध्या गोष्टींना) रोज १२ वेळा अडवायचं. उसळी आली नाही. काळज्यांची धार कमी झाली, तीन महिन्यांनंतरही काही फायदा टिकला, आणि जास्त चिंताग्रस्त लोकांना जास्त उपयोग झाला. बातम्यांत मात्र एक गोम गाळली गेली. या होत्या पुढे काय होईल याच्या भीती. घडून गेलेल्या आठवणींवर हा सराव तपासलेला नव्हता.

करून बघायचं तर चुका दोन होतात. पहिली, खूणच टाळणे. त्या चौकातून जायचं नाही, तो वास नको, ते नाव नको. हे अडवणं होत नाही, ही पळवाट आहे, आणि टाळायच्या गोष्टींची यादी दर आठवड्याला लांबते. दुसरी, दर दहा मिनिटांनी 'गेली का?' म्हणून तपासणे. तिथे तुम्ही परत अस्वलाकडे.

उंबरठा

वरचं सगळं आठवण पक्की झाल्यानंतरचं. घटनेनंतरच्या पहिल्या काही तासांचं गणित वेगळं आहे.

एमिली होम्स यांच्या गटाने ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात, रस्ते अपघातानंतर सहा तासांच्या आत आलेल्या ७१ जणांवर हे तपासलं (२०१७). अपघातातला सर्वांत वाईट क्षण थोडक्यात मनात आणायला लावायचा आणि मग साधारण २० मिनिटं टेट्रिस (वरून पडणारे ठोकळे फिरवून बसवायचा व्हिडिओ गेम), त्यात सलग १० मिनिटं तरी खंड न पडता. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ उपचारांदरम्यान काय काय झालं याची नोंद ठेवली. टेट्रिसवाल्यांना पुढच्या आठवडाभरात अवचित डोळ्यांसमोर येणारी दृश्यं बरीच कमी आली.

टेट्रिसच का? ठोकळा मनातल्या मनात फिरवायला जी जागा लागते, तीच जागा दृश्य आठवण पक्की करायला लागते. दोघांची ओढाताण होते. ठोकळा पडू लागला की पुढे दिसणारा पुढचा ठोकळा कुठे बसेल हे मनात ठरवत राहायचं, नुसती बटणं दाबून भागत नाही. शब्दकोडं किंवा प्रश्नमंजूषा देऊन चालत नाही. २०१० च्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासात प्रश्नमंजूषा खेळलेल्यांना नंतर दृश्यं उलट जास्त दिसली. आणि टेट्रिस खेळलेल्यांना काय घडलं ते व्यवस्थित आठवत होतं, फक्त दृश्य आपणहून डोळ्यांसमोर येणं कमी झालं.

आपल्याकडे याच तासांत नेमकं उलटं होतं. दहा नातेवाईक खाटेभोवती बसतात आणि 'सांग ना काय काय झालं, मोकळी हो' सुरू होतं. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत बऱ्याच चाचण्यांत निरुपयोगी ठरली, काहींत अपायकारक. ब्रिटनच्या 'नाईस' या आरोग्यविषयक संस्थेच्या मार्गदर्शक सूचना ती करू नका असं स्पष्ट सांगतात. स्वतःहून बोललं तर ऐका, उकरू नका.

औषधी

औषधाबद्दल. मूळ २००० सालचं, नेडर, शेफ आणि लडू यांचं काम. उंदरांची जुनी भीतीची आठवण पुन्हा जागी केली आणि लगेच अमिग्डलात (मेंदूतला भीतीशी संबंधित भाग) प्रथिनं तयार होणं थांबवणारं औषध टोचलं, तर ती भीती परत नीट बसली नाही. म्हणजे आठवण उघडली की काही तास कच्ची असते. ते औषध माणसाला देण्याजोगं नाही, म्हणून प्रोप्रॅनोलॉल (रक्तदाब आणि धडधड कमी करणारं औषध) पुढे आलं. कॅनडात ब्रुने यांच्या गटाने (२०१८) आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, गोळी देऊन साधारण ९० मिनिटांनी रुग्णाकडून घटना लिहून-वाचून घेतली. लक्षणं कमी झाली. पण २०१५ साली दुसऱ्या एका गटाचे, आठवण जागी करून औषध देण्याचे तीन अभ्यास कोरडे गेले होते, तेव्हा हुरळून जाऊ नये. आणि जमलं तरी घटना लक्षात राहतेच, कमी होते ती छातीतली धडधड.

दुकानातून स्वतः आणून घेऊ नका. दम्याच्या रुग्णाची श्वासनलिका त्याने आवळते, मंद नाडी असलेल्याला चक्कर येते. झोपेसाठी शेजाऱ्याची अल्प्राझोलाम (चिंता कमी करणारी, गुंगी आणणारी गोळी) घेणं हा तर मोठाच घोळ. पीटीएसडीत त्या गटातल्या गोळ्यांचा फायदा दिसत नाही, सवय मात्र लागते. दारूचंही तेच.

उंबरठा

महिना उलटून गेल्यावरही दृश्यं येतायत, झोप उडालीय, जागा आणि माणसं टाळली जातायत, तर घरगुती अडवाअडवी सोडून द्या. तिथे उपचार आठवणीच्या दिशेने जातात. प्रोलाँग्ड एक्स्पोजर या मानसोपचारात साधारण ८ ते १५ बैठका, बहुधा ९० मिनिटांच्या. डोळे मिटून घटना वर्तमानकाळात सांगायची ('मी गाडीत बसलेय, समोरून ट्रक येतोय'), त्रास ० ते १०० मध्ये मोजायचा, त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. टाळलेल्या जागांची सोप्याकडून अवघडाकडे यादी करून तिथे जायचं, आणि त्रास उतरायला लागेपर्यंत थांबायचं.

फसतं ते बहुतेक इथेच. आकडा ८० वर असताना माणूस उठून जातो आणि मेंदू 'पळालो म्हणून वाचलो' एवढंच शिकतो. मोबाइलवर बोलत, कुणाचा हात घट्ट धरून चौक ओलांडला तर तो चौक ओलांडलेला मोजू नका. अशा बैठका घेणारं जवळपास कुणी माहीत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलतात.

काजवा_२७

सगळ्यांचे आभार. कागद जाळण्याचं राहिलं.

संज्ञा_म

जाळण्याचा एक गाजलेला नमुना म्हणजे रशियन मानसशास्त्रज्ञ लुरियाने अभ्यासलेल्या एका माणसाचा. त्याला काहीच विसरता येत नसे. आकडे कागदावर लिहून त्याने कागद शेगडीत टाकले. जळून काळ्या झालेल्या पापुद्र्यावरही त्याला आकडे दिसतच राहिले! पुढे त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आकड्यांचा तक्ता नको असेल तेव्हा तो समोर येतच नाही. हे त्याला कसं जमलं ते लुरियालाही नीट सांगता आलं नाही.

आधार आहे तो लिहिण्याला. पेनेबेकर आणि बीऑल यांचा प्रयोग, १९८६ चा. सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, त्रासदायक घटनेत काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं हे दोन्ही लिहायचं. नुसती हकिगत लिहिणाऱ्यांना तेवढा फायदा नाही. दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या, पण लिहून उठल्यावर लगेच मन जास्त खिन्न आणि रक्तदाब वाढलेला होता. म्हणून झोपण्याआधी लिहू नका, संध्याकाळी उजेड असताना लिहा आणि नंतर अर्धा तास मोकळा ठेवा. पाचव्या दिवशी तेच ते परत लिहावंसं वाटलं तर थांबा, कारण मग ते गिरवणं होतं. कागदाचं काय करायचं याला त्या प्रयोगात काही महत्त्व नव्हतं, फाडा, ठेवा, रद्दीत घाला.