मंडळीवरचा विश्वास उडाला, ख्रिस्तावरचा टिकवायचा आहे : सल्ला हवा

पेटीवाली
ख्रिस्तात सप्रेम सलाम. आमचे घराणे मूळचे अहमदनगरचे, पणजोबांपासून ख्रिस्ती. मी स्वतः गेली बावीस वर्षे पुण्यातील एका मंडळीची (चर्चची) सभासद आहे आणि त्यांपैकी सहा वर्षे खजिनदार होते. (मंडळीचे नाव मी सांगणार नाही, कृपया कोणी ओळखण्याचा प्रयत्नही करू नये.) माझी मुदत संपल्यावर छताच्या दुरुस्तीसाठी निधी जमवण्यात आला, परंतु दोन वर्षांत एकही पत्रा बदलला गेला नाही, म्हणून मी वार्षिक सभेत पावत्या मागितल्या. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी कोरहाच्या बंडावर उपदेश केला आणि पृथ्वीने तोंड उघडून बंडखोरांना गिळले, हा भाग वाचताना माझ्या बाकाकडे पाहिले. त्याचे मला फारसे काही वाटले नाही. ज्या बाईंच्या शेजारी उभी राहून मी वीस वर्षे गायले, त्यांनी त्या दिवशी प्रभुभोजनापूर्वी (भाकर व द्राक्षारसाच्या संस्कारापूर्वी) उठून बाक बदलला, ते मात्र मनातून जात नाही.

गेले चौदा महिने मी उपासनेला गेलेले नाही. प्रभूवर माझा राग नाही. अडचण अशी आहे की घरी प्रार्थनेला बसले की शब्द पाळकसाहेबांच्या आवाजात येतात. ‘हे दयाळू स्वर्गीय पित्या’ एवढे म्हटले की पुढचे सगळे त्यांच्याच हेलात सुरू होते आणि मी उठते.

माझ्या तीन अटी आहेत. पंथ बदलायचा नाही. कोर्टकचेरी करायची नाही, कारण सासूबाईंची इच्छा याच मंडळीच्या कब्रस्तानात सासऱ्यांच्या शेजारी विसावण्याची आहे. आणि नोकरी व सासूबाईंचे पथ्यपाणी सांभाळून मला दिवसाला अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ मिळत नाही. एवढ्यात बसेल असे, आपण स्वतः करून पाहिलेले, काही असल्यास कृपया सांगावे.

नवा_बुधला
ताई, नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यात राहत नाही, हे प्रभूनेच सांगितले आहे. मीही जुन्या मंडळीत तीस वर्षे वाया घालवली. आता आम्ही पिंपरीला एका सभागृहात भरणाऱ्या सहभागितेत जातो. रविवारी फक्त तीन तास, शुक्रवारी उपास-प्रार्थना आणि महिन्यातून एक रात्र जागरण. पाच वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण होतो, आज चारशे आहोत, आणि ध्वनियंत्रणा तर अशी आहे की आसपासच्या कोणत्याही जुन्या मंडळीकडे तशी नसेल. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, मनापासून दिल्यास छताचे प्रश्न पडतच नाहीत.

ताळेबंद
वरील गृहस्थांना एकच विचारतो : त्या चारशे जणांच्या दशमांशाचे लेखापरीक्षण कोण करते?

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. ताई, आपण कोर्ट नको म्हणता, पण धर्मादाय आयुक्त म्हणजे कोर्ट नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० हा आपल्या मंडळ्यांच्या ट्रस्टांनाही लागू आहे. कलम ३६ प्रमाणे आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकता येत नाही, आणि कलम ४१-ड प्रमाणे गैरकारभार करणाऱ्या विश्वस्तांना निलंबित करता येते. त्यासाठी हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती अर्ज करू शकते आणि सभासद ही तशी व्यक्ती असते. आमच्या मंडळीच्या जमिनीसाठी मी अर्ज केला, त्याला आता नऊ वर्षे झाली. माझ्याकडे कागदांच्या सात फायली आहेत.

पेटीवाली
माहितीबद्दल आभारी आहे. परंतु विचारल्याशिवाय राहवत नाही : या नऊ वर्षांत आपली प्रार्थना कशी चालली?

ताळेबंद
तो वेगळा विषय आहे.

मुळा_काठचा
ताई, आपण नगरच्या, तेव्हा आपल्याला टिळकांची आठवण कोणी करून द्यावी असे नाही. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ मिशनचे काम केले आणि १९१७ मध्ये सगळे सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. मंडळी सोडली म्हणून त्यांचा ख्रिस्त सुटला नाही. मी स्वतः रोज पहाटे त्यांचे दोन अभंग म्हणतो आणि मला कोणत्याही पाळकाची गरज भासत नाही.

जुना_ज्ञानोदयवाला
दुरुस्ती करणे भाग आहे. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडला. मिशन म्हणजे मंडळी नव्हे, आणि पगार सोडणे म्हणजे सभासदत्व सोडणे नव्हे. शिवाय ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी त्यानंतरही, १९१९ मध्ये निधन होईपर्यंत केले. जे नियतकालिक १८४२ मध्ये मिशनने काढले त्याचेच काम करणाऱ्या माणसाने ‘सगळे सोडले’ असे म्हणता येईल काय? त्यांचे भांडण होते ते परकीय वळणाशी. दरबार त्यांनी एकट्याने पहाटे अभंग म्हणण्यासाठी काढला नव्हता, माणसे गोळा करण्यासाठी काढला होता.

मुळा_काठचा
पगार सोडायलाही धैर्य लागते, एवढेच मला म्हणायचे होते. अभंगांचा सल्ला मात्र कायम आहे. ‘स्वर्गीय पित्या’ने सुरू होणारी वाक्ये पाळकांच्या तोंडी बसलेली असतात, अभंगाची चाल त्यांच्या हेलात जाऊच शकत नाही. करून पाहावे.

बावखल
मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडे फादर आवडोत वा न आवडोत, मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवायचा नसतो, आणि फादरांची बदलीही होते, त्यामुळे वाट पाहण्याची सोय आहे. आपल्याकडे पाळक वर्षानुवर्षे तेच राहत असतील तर परिस्थिती कठीण आहे. पंथ बदलायचा नाही हे मी वाचले आहे, तरीही सांगतो की एखाद्या शनिवारी संध्याकाळी आमच्याकडच्या मिस्साला मागे बसून यावे. प्रभुभोजन घेता येणार नाही, पण तेथे आपल्याला कोणी ओळखणार नाही, हे कधी कधी औषधासारखे असते.

दुसरे असे की वाचनासाठी अनुवाद बदलावा. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ मिळवावे. तेच स्तोत्र वेगळ्या शब्दांत समोर आले की ते जणू प्रथमच वाचतो आहोत असे वाटते. मुलाच्या आजारपणात मला याचा उपयोग झाला.

निवृत्त_गुरुजी
हा प्रश्न नवा नाही. रोमन सम्राट डायोक्लेशनने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात, म्हणजे ३०३ नंतरच्या काळात, उत्तर आफ्रिकेतील काही धर्मगुरूंनी पवित्र शास्त्राच्या प्रती शत्रूच्या हवाली केल्या. पुढे दोनातवादी पंथाचे लोक म्हणू लागले की अशा हातांनी दिलेला बाप्तिस्मा खोटा आहे. ऑगस्टीनने त्याला दिलेले उत्तर असे होते की संस्कार देणाऱ्याचा नसतो, ख्रिस्ताचा असतो, त्यामुळे हात मळके असले तरी देणगी मळत नाही. पाळकसाहेबांच्या हातून बावीस वर्षे घेतलेले प्रभुभोजन खरेच होते, एवढे तरी आपण मनाशी पक्के करावे. माझ्या मते आपण येत्या रविवारीच परत जावे. इब्री लोकांस पत्र, अध्याय १०, ओवी २५ पाहावी : एकत्र जमणे सोडू नये, असे तेथे सांगितले आहे.

ताळेबंद
गुरुजी, हाच ऑगस्टीन प्रत्येक गैरव्यवहारी कमिटी ढालीसारखा पुढे करते. हात मळके आहेत हे मान्य असेल तर ते धुवायला कोणी सांगायचे? मत्तय १८ मध्ये प्रथम एकांतात, मग दोघातिघांना घेऊन, मग मंडळीपुढे, असा क्रम दिला आहे. ताईंनी सभेत विचारले ते त्याला धरूनच होते. जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत कारभाराचा शेवटचा शब्द सभासदांच्या सभेचा असे. १९७० मध्ये नागपूरला अनेक पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाल्यापासून सगळे वर गेले.

जुना_ज्ञानोदयवाला
‘सगळे वर गेले’ हेही अर्धसत्य आहे. त्याआधी, १९२४ मध्येच, आपल्या मंडळ्या संयुक्त मंडळीत गेल्या होत्या आणि तेव्हाही लोक हेच म्हणत असणार.

केडगावकरीण
पुरुषमंडळींची साले मोजून झाली असतील तर एका बाईचे सांगते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे झाला, आणि दोनच वर्षांत त्यांनी तेथील जोगिणींना (नन्सना) स्पष्ट कळवले की भटभिक्षुकांचे जोखड आत्ताच कष्टाने उतरवले आहे, आता दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान देण्याची तयारी नाही. पुढे त्यांनीच लिहून ठेवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता; तो मिळायला आणखी सुमारे आठ वर्षे गेली. त्या आठ वर्षांत त्यांनी काही थांबवले नाही, शारदा सदन १८८९ मध्ये त्याच काळात निघाले. ताई, आपले तर चौदाच महिने झाले आहेत.

माझ्या आजी रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढल्या. त्या म्हणत की प्रार्थना येत नसेल तेव्हा भाजी निवडावी.

नवा_बुधला
भाजी निवडून आत्मा भरत नाही. सभागृहाचा पत्ता वैयक्तिक संदेशात पाठवला आहे.

घरीच_राहिलो
मला सांगायला अभिमान वाटत नाही, पण आपण ‘स्वतः करून पाहिलेले’ विचारले म्हणून लिहितो. मंडळीच्या पंचांशी भांडण झाल्यावर मीही उपासना सोडली आणि घरीच वाचन-प्रार्थना करू असे ठरवले. पहिले वर्ष फार चांगले गेले. मी इतके पवित्र शास्त्र पूर्वी कधी वाचले नव्हते. दुसऱ्या वर्षी वाचन रविवारपुरते उरले. पुढे पाळकांच्या चुका आठवणे हीच माझी उपासना झाली, आणि ती मात्र मी एकही दिवस चुकवली नाही. नऊ वर्षे गेली. मुलगी आता तेवीस वर्षांची आहे. तिला एकही गीत पाठ नाही आणि तिच्या लग्नाचा विषय निघाला की ती विवाह नोंदणी कार्यालयाचे नाव घेते. तिचे चुकते असे नाही, कारण मी तिला दुसरे काही दाखवलेच नाही. परत जावे की नाही हे मी सांगणार नाही. फक्त एकटे राहू नये.

निवृत्त_गुरुजी
मी तेच म्हणालो होतो. इब्री १०:२५.

घरीच_राहिलो
गुरुजी, ते माझ्या भांडणाच्या वेळीही कोणीतरी म्हणालेच होते. ते म्हणणारा मला भेटायला घरी आला नाही.

केडगावकरीण
ताई, बाक बदललेल्या बाईंविषयी स्तोत्र ५५ वाचावे. शत्रूने निंदा केली असती तर सोसली असती, पण तू तर माझा सोबती, आपण मिळून देवाच्या घरी जात होतो, अशा अर्थाचे तेथे आहे. ते स्तोत्र पुढे फार कडू होते. ते कडूपण न गाळता वाचावे.

पेटीवाली
सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे, कारण मध्ये पाच आठवडे गेले. शनिवारचा मिस्सा, आयुक्तांकडे अर्ज, पिंपरी आणि येता रविवार यांपैकी मी काहीच केले नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. अभंग दोन दिवस म्हटले. पेटीवर बोटे ठेवली की गायनवृंदच आठवू लागला, म्हणून पेटी पुन्हा झाकून ठेवली.

‘घरीच राहिलो’ यांचे पत्र वाचल्यावर मात्र झोप लागली नाही. आमच्या मंडळीतील दोन वृद्ध बायका जिना उतरू शकत नाहीत, म्हणून त्याही उपासनेला जात नाहीत. खजिनदार असताना मी त्यांच्याकडे वर्गणी आणायला जात असे, आणि नंतर कोणीही गेलेले नाही असे कळले. आता रविवारी उपासनेच्याच वेळी मी एकीच्या घरी जाते आणि दुसरीला तिची सून रिक्षाने तेथे आणून सोडते. स्तोत्र ५५ पासून सुरुवात केली. एकीला अजिबात ऐकू येत नाही म्हटले तरी चालेल, त्यामुळे अगदी ओरडून वाचावे लागते, आणि शेजारच्या घरातून एकदा तक्रारही आली. पण एवढ्या मोठ्याने वाचताना माझ्या कानात दुसऱ्या कोणाचा आवाज येत नाही. अनुवाद जुनाच ठेवला आहे, कारण नवा त्यांना चालत नाही. अर्ध्या तासाची अट मोडली; पाऊण तास चहातच जातो.

प्रभुभोजनाचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही.

ताळेबंद
हे सर्व ठीक आहे. छताच्या निधीचे पुढे काय झाले?

पेटीवाली
पावसाळ्यापूर्वी अर्धे पत्रे बदलले, असे त्या दोघींच्या सुनांकडून कळते. पावत्या अजून कोणी दाखवलेल्या नाहीत.

नवा_बुधला
त्या दोन भगिनींना आमच्याकडे आणावे. आमच्या सभागृहाला लिफ्ट आहे.