मदत हवी आहे: एकाच फोटोत घारे आणि काळेभोर डोळे, रंग खुलवावा तरी कसा?

नमस्कार मंडळी,

एका परिचित कुटुंबासाठी मी आजी आणि नात यांचे एकत्र व्यक्तिचित्र टिपले असून, ते १२ बाय १८ इंच आकारात छापून फ्रेम करून द्यायचे आहे. आजींचे डोळे घारे आहेत आणि ते घारेपण छापील फोटोत दिसलेच पाहिजे, असा घरच्यांचा आग्रह आहे. नातीचे डोळे मात्र गडद तपकिरी असल्यामुळे फोटोत ते जवळजवळ काळेच उमटले आहेत, आणि आजींचे डोळे खुलवावेत तर शेजारी नातीचे आणखीच निस्तेज वाटतात.

फोटो खिडकीपाशी घेतला आहे. कॅमेऱ्याकडून पाहता उजेड डावीकडून येतो आणि चारही बुबुळांत खिडकीचे प्रतिबिंब डावीकडे वरच्या बाजूस पडले आहे. भिंग ८५ मिमी, छिद्र एफ/४, आयएसओ ८००. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) हाताशी आहे. संपादन डार्कटेबल आणि गिंप या मोफत सॉफ्टवेअरांवर करतो; मासिक शुल्काचे सॉफ्टवेअर घेण्याचा विचार नाही.

बुबुळाभोवती मास्क (बदल ठरावीक भागापुरताच लागू करणारी आखणी) आखून सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता, वाढवले, तेव्हा नातीच्या डोळ्यांत तपकिरी छटा येण्याऐवजी विटकरी डाग आणि रंगीत दाणे दिसू लागले. आजींच्या बाबतीत अडचण वेगळीच आहे. त्यांच्या बुबुळाच्या कडेने वयोमानामुळे एक करडे-पांढरट कडे आले आहे, आणि रंग वाढवताच ते हिरवट चमकू लागते. ते कडे पुसून टाकावे का, नातीच्या डोळ्यांतला रंग मुळात फाइलमध्ये आहे का, आणि पडद्यावर जे दिसते त्यातले कागदावर किती उतरते, या तीन गोष्टींवर जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद

रंग फाइलमध्ये नक्कीच आहे, परंतु तो अंधारात आहे. गडद डोळ्यांत मेलॅनिन भरपूर असल्याने बुबुळावर पडलेला बहुतेक उजेड तेथेच शोषला जातो. सॅच्युरेशनचे काम लाल, हिरव्या आणि निळ्या मूल्यांमधला फरक वाढवण्याचे. जेथे तिन्ही मूल्ये तळाशी आहेत तेथे खऱ्या रंगाबरोबर सेन्सरचा गोंगाट, म्हणजे ते रंगीत दाणेही वाढतात, आणि आपणांस दिसलेले विटकरी डाग हे त्याचेच फळ आहे. म्हणून आधी उजेड, मग रंग, हा क्रम पाळावा.

डार्कटेबलमध्ये एक्स्पोजर या उजेड कमी-जास्त करणाऱ्या साधनाची दुसरी प्रत उघडून ती फक्त बुबुळापुरती लावा आणि अर्धा ते पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) एवढेच उचला. मास्क मॅनेजरमध्ये मोठ्या लंबवर्तुळातून बाहुलीचे छोटे वर्तुळ वजा करता येते. ते अवश्य करा, कारण बाहुली करडी झाली की डोळा आजारी दिसतो. बुबुळाची बाहेरची गडद कडही मास्कच्या बाहेर ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचे. बुबुळ सगळीकडून सारखे उजळू नका. डोळ्याच्या फुगीर, पारदर्शक पडद्यातून आत शिरणारा उजेड वळतो आणि प्रतिबिंबाच्या समोरच्या बाजूस बुबुळावर पडतो. आपल्या फोटोत प्रतिबिंब डावीकडे वर आहे, म्हणजे उजळायची ती उजवीकडची खालची कोर. व्यक्तिचित्रे रंगवणारे चित्रकार हेच करत आले आहेत. तेवढी चंद्रकोर ब्रशने उचलली, तर सॅच्युरेशनला फारसा हात लावावा लागत नाही. तपकिरी रंग आपोआप वर येतो आणि बुबुळातले तंतूही दिसू लागतात.

हे काम रॉवरच करावे. बहुतेक जेपेग फाइलींमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते, त्यामुळे बुबुळासारख्या लहान जागी रंग वाढवला की तो पापणीवर सांडतो. गिंपमध्ये शेवटचा हात फिरवायचाच असेल, तर सॉफ्ट लाइट मोडचा पारदर्शक लेयर घेऊन अगदी कमी अपारदर्शकतेच्या पांढऱ्या ब्रशने हळूहळू थर चढवा.

आजींच्या डोळ्यांतले ते कडे बुबुळाचे नसून त्यावरील पारदर्शक पडद्याच्या कडेला साठलेल्या मेदाचे असते. त्याला आर्कस सेनिलिस म्हणतात आणि उतारवयात ते पुष्कळांना येते. माझ्या मते ते पुसू नये; पुसले तर डोळे तिशीतले आणि चेहरा ऐंशीचा असा विजोड प्रकार होतो. मास्क कड्याच्या आतच संपवा, म्हणजे हिरवट चमक उरणार नाही. घाऱ्या डोळ्यांत बाहुलीजवळ पिवळसर तपकिरी आणि बाहेर करडी-हिरवट छटा असते. त्या दोन्हींवर एकच रंग न फासता त्यांच्यातला कॉन्ट्रास्ट किंचित वाढवा.

प्रतिसाद

वरील मार्गदर्शनाशी सहमत आहे, फक्त डोळ्यांच्या पांढऱ्या भागाविषयी थोडी भर घालतो. तो कधीच शुभ्र नसतो आणि वरच्या पापणीची सावली त्यावर पडलेली असते. ती सावली काढली की डोळा चपटा दिसतो. आजींच्या डोळ्यांतला पिवळेपणा थोडा उतरवला तरी पुरे, उजेड वाढवण्याची गरज नाही.

छपाईचा हिशेबही आधीच करून ठेवा. बुबुळाचा खरा व्यास साधारण १२ मिमी असतो. आपल्या छपाईत चेहरा प्रत्यक्षाच्या निम्म्या आकाराचा येणार असेल, तर कागदावर बुबुळ ६ मिमीचे, म्हणजे ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) जेमतेम ७० पिक्सेलचे होईल, आणि त्याचाही वरचा भाग पापणीखाली. पडद्यावर ३०० टक्के झूम करून घेतलेली मेहनत तेथे दिसत नाही, आणि अतिरेक मात्र लगेच डोळ्यांत भरतो.

मॅट कागदावर काळे भाग एकमेकांत मिसळतात, त्यामुळे नातीच्या डोळ्यांसाठी लस्टर (किंचित चकाकीचा) कागद बरा. पूर्ण फोटो छापण्याआधी दोघींच्या डोळ्यांचा पट्टा मूळ मापातच कापून ४ बाय ६ इंचांवर छापून घ्या. खर्च नगण्य असतो. लॅबने वेगळे काही सांगितले नसेल तर फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण रंगमानकातच द्या.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. चंद्रकोरीची युक्ती करून पाहिली; नातीचा खिडकीकडचा डोळा छान उमलला आहे आणि विटकरी डाग गेले. आजींचे कडे तसेच ठेवले असून त्यांच्या मुलाने ते पाहून पसंतीही कळवली. एक शंका उरते. नातीचा दुसरा डोळा नाकाच्या सावलीत आहे. त्याला पहिल्याइतकेच उजळावे का?

प्रतिसाद

नाही. मास्कची नक्कल तेथे नेऊन त्याची अपारदर्शकता निम्म्यावर आणा आणि फोटो पडद्यावर छपाईच्या आकारात ठेवून हातभर अंतरावरून पाहा. सावलीतला डोळा सावलीतच दिसायला हवा. पाहताना आधी त्याच डोळ्याकडे लक्ष जात असेल, तर आणखी उतरवा.