एल्विन यांनी धर्मगुरूपद का सोडलं?

व्हेरियर एल्विन म्हणजे इंग्लंडहून आलेले धर्मगुरू, पुढे आदिवासींचे अभ्यासक. त्यांनी आदिवासी मुलीशी लग्न केलं म्हणून चर्च सुटलं, असं म्हटलं जातं. सनावळी उलटी आहे. पद सोडलं 1935 मध्ये, कोसी या गोंड मुलीशी लग्न 1940 मध्ये.

खरी अडचण परवान्याची होती. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, धर्मगुरूला दीक्षा मिळाली तरी त्या भागात उपासना चालवायला तिथल्या बिशपची परवानगी लागते. नागपूरच्या बिशपांनी त्यासाठी ब्रिटिश राजनिष्ठेची शपथ मागितली, एल्विननी ती नाकारली. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघ या ख्रिस्ती संस्थेत 1927 ला आलेला हा माणूस तोवर गांधीजींचा झाला होता. 4 जानेवारी 1932 च्या पहाटे मुंबईच्या मणिभवनात गांधीजींना अटक झाली, तेव्हा एल्विन तिथेच होते. सोमवार, मौनाचा दिवस. गांधीजींनी पोलिसांना कागदावर लिहून उत्तर दिलं. अशा माणसाने शपथ कशी घ्यावी?

आणि शामराव हिवाळ्यांचं नाव या चर्चेत यायलाच हवं. त्याच जानेवारी 1932 मध्ये आजच्या मध्य प्रदेशात, तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी गोंडांमध्ये राहायला गेले ते दोघं मिळून. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांसाठी घर, या सगळ्यात हा मराठी मित्र बरोबरीने राबला. एल्विनच्या पुस्तकांमागे ते श्रमही आहेत.