बिजागरी जुनी असली तरी दावा नवा असू शकतो
‘बिजागरी जुनीच, मग ऑप्टिकल फायबर (प्रकाशानं सिग्नल नेणारे काचतंतू) ठेवायच्या फिरत्या ट्रेला पेटंट कसलं?’ असा आक्षेप तुमच्या ट्रेवर घेतला गेलाय, तो मला अर्धाच पटतो. पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) ओळखीच्या वस्तूंची नुसती मांडामांड नाकारतं, खरं. पण ट्रे फिरवला की ताण येतो तो बिजागरीपाशीच्या फायबरवर. नेहमीच्या वापरातल्या जी.६५२ प्रकारच्या फायबरला ३० मिमीपेक्षा बरीच कमी त्रिज्या दिली की सिग्नल गळू लागतो. ते वळण आसाभोवती कसं सांभाळलंय, तिथंच तुमचा शोध आहे!

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली पोरं असली कामं झकास करतात, कागदावर मात्र मार खातात, म्हणून कळकळीनं सांगतोय. बेळगाव-खानापूरचा अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयात जातो, शेजारच्या चंदगडचा मुंबईला. कार्यालयाच्या पहिल्या परीक्षण अहवालाला, म्हणजे त्यातल्या हरकतींना, उत्तर द्यायला सहा महिने मिळतात. पण मूळ अर्जात नसलेली गोष्ट तेव्हा घुसडता येत नाही, त्यामुळे त्रिज्या, आस, फायबरची वाट सगळं आधीच लिहा.